एक पदवी, अनेक विषय



बारावीनंतर काय, हा प्रश्न सध्या अनेक घरांत आहे.
आज ओळख करून घेऊ एका वेगळ्या वाटेची.
आंतरराष्ट्रीय अध्ययन.

या पदवीत विषय एकच नसतो.
इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा...
आणि बहुतेक ठिकाणी जोडीला एखादी परकी भाषा.

हे सगळं एकत्र कशासाठी?
लासलगावचा कांदाच घ्या.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली.
इथे बाजार समितीत भाव कोसळले.
तिकडे ढाक्यात कांदा महागला.

भाव का पडले, हे अर्थशास्त्र सांगतं.
बंदी का आली, हे राज्यशास्त्र.
शेजाऱ्याला काय वाटलं, हे परराष्ट्र धोरण.

म्हणजे बघा, प्रश्न एक...
पण उत्तर अनेक विषयांत.

दिल्लीत अशा अभ्यासाची संस्था 1955 साली सुरू झाली.
पुढे ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली.
परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर याच विद्यापीठात शिकले.

विद्यार्थी मित्रांनो, पुन्हा सांगतो.
या पदवीत विषय एकच नसतो.

म्हणून प्रवेशाआधी अभ्यासक्रम नीट वाचा.
भाषा कोणती शिकवतात, तेही विचारा.
आणि वर्तमानपत्रातलं देश-विदेशचं पान...
आजपासूनच वाचायला लागा.