गाणें दोघांचें, कंपनी एकाची

पति-पत्नींनीं एकत्र गाणें ही गोष्ट कानाला गोड वाटते. पण त्या गाण्याचा हिशेब कोणाच्या वहींत लिहिला जातो, हें विचारण्याचें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. अमेरिकेंतील सनी आणि चेर या जोडप्याची हकीकत त्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

सनी बोनो हा फिल स्पेक्टर या ध्वनिमुद्रण-निर्मात्याच्या हाताखालीं काम करीत असे. १९६२ सालीं लॉस एंजेलिस येथें त्याची चेरशीं गांठ पडली, तेव्हां ती अवघी सोळा वर्षांची होती; तो तिच्याहून अकरा वर्षांनीं वडील. त्यानेंच तिला स्पेक्टरच्या गाण्यांत मागें साथीला उभें केलें. दोघांनीं प्रथम सीझर आणि क्लिओ असें भारदस्त नांव घेतलें. तें कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं. पुढें १९६५ सालीं सनीनें रचलेलें 'आय गॉट यू बेब' हें गाणें अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेलें. त्याचा आवाज, खरें बोलायचें तर, बेताचाच. तिचा मात्र खोल, खर्जाकडे झुकणारा, स्त्रीकंठांत विरळा. परंतु गाणीं रचणारा, करारमदार करणारा तोच.

मग लोकांची आवड पालटली. दोन बोलपट पडले, कर्ज झालें. रात्रींच्या क्लबांतून गात असतां ती भर प्रेक्षकांसमोर त्याची थट्टा करूं लागली, आणि लोक हंसूं लागले. त्याच थट्टेवर १९७१ सालीं त्यांचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम उभा राहिला. आतां मौज पाहा! घरोघरच्या पडद्यावर नवऱ्याला टोमणे मारणारी ही बायको कागदोपत्रीं त्याची करारानें बांधलेली नोकर होती. 'चेर एंटरप्रायझेस' या कंपनींत ९५ टक्के सनीचे, ५ टक्के वकिलाचे. जिच्या नांवाची पाटी, तिचा वांटा शून्य. तिला हें उमगलें तें संसार मोडण्याच्या बेतास आल्यावर. १९७५ सालीं घटस्फोट झाला. आणि पुढच्याच वर्षीं हींच दोघें पुन्हां एकत्र कार्यक्रम करूं लागलीं! तो १९७७ पुढें चालला नाहीं.

चेरला १९८८ सालीं अभिनयाचें ऑस्कर मिळालें. त्याच वर्षीं सनी पाम स्प्रिंग्सचा महापौर झाला, पुढें प्रतिनिधिगृहांतही गेला. १९९८ च्या जानेवारींत बर्फावर घसरतांना झाडावर आदळून तो वारला. अंत्यविधीच्या वेळीं चेर रडत रडत बोलली. गाण्यांच्या उत्पन्नांतील निम्मा वांटा तिचा, असें १९७८ सालीं ठरलें होतें. त्यासाठीं २०२१ मध्यें तिला सनीच्या विधवेविरुद्ध न्यायालयांत जावें लागलें. २०२४ सालीं निकाल चेरच्या बाजूनें लागला.