आधी तांडेल, मग इंजिन

बॉनहून बोलतोय. आज मी तुम्हाला एक जहाज घ्यायला लावणार आहे. घाबरू नका, कर्ज काढावं लागणार नाही. जहाज अवकाशातलं आहे आणि ते चालतं घरातल्या संगणकावर.

खेळाचं नाव एक्स-४ फाउंडेशन्स. तो बनवणारी एगोसॉफ्ट ही कंपनी आपल्या इथून गाडीने तासाभरावर, आखनजवळच्या व्युर्झेलेन नावाच्या छोट्या गावात आहे. बेर्न्ड लेहान हे तिचे संस्थापक. या मालिकेतला पहिला खेळ १९९९ साली आला आणि एक्स-४ हा ३० नोव्हेंबर २०१८ला. मी आयटीतला माणूस, त्यात एमबीए केलेलं. त्यामुळे ज्या खेळात नुसत्या गोळ्या झाडायच्या नसून कारखाने, मालाची टंचाई आणि भाव यांचा हिशोब आहे, तो मला आवडणारच. पण गेल्या वर्षी आमच्या चौदा वर्षांच्या मुलाने तो खेळायला घेतला आणि मला त्यातलं किती कमी कळलंय ते समजलं.

खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे एक छोटं जहाज आणि थोडे पैसे असतात. जहाजांचे आकार चार. सगळ्यात लहान म्हणजे एकट्याने चालवायची होडी समजा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ज्याच्या पोटात दुसरी जहाजं उतरतात ते. जहाजात काय काय बदलता येतं? इंजिन, संरक्षक कवच, तोफा, दिशा देणारे छोटे थ्रस्टर आणि संगणकातली सॉफ्टवेअरं. नवशिका खेळाडू काय करतो, तर पहिली कमाई हातात आली की तोफा घेतो. आमच्या चिरंजीवांनीही तेच केलं. तुम्ही करू नका. पहिला पैसा इंजिनात घाला, कारण या खेळात अंतरं प्रचंड आहेत आणि अर्धा जन्म प्रवासात जातो. इंजिनंही तीन स्वभावांची असतात. लांबच्या पल्ल्याचं, लढाईचं आणि सगळं थोडं थोडं जमणारं. माल वाहायचा असेल तर लांब पल्ल्याचं घ्या. मग कवच, आणि त्यानंतर आपोआप धक्क्याला लावणारं सॉफ्टवेअर. हे शेवटचं कुणी सांगत नाही, पण स्टेशनच्या भिंतीवर चार वेळा आपटलात की त्याची किंमत कळते.

आता एक गंमत. पैसे भरले म्हणजे बदल लगेच होतो असं नाही. जहाज दुरुस्तीच्या गोदीत ते सुटे भाग खरोखर हजर असावे लागतात. ते भाग कुठल्या तरी कारखान्यात तयार होतात, त्या कारखान्याला कच्चा माल लागतो, तो कुणी तरी जहाजातून आणावा लागतो. मधलं एखादं मालवाहू जहाज चाच्यांनी लुटलं तर तुमचं इंजिन रखडलं. खिशात पैसे आणि जहाज गोदीत उभं, असे कित्येक तास मी काढलेत.

ऱ्हाइनकाठी फिरायला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. २०१८च्या ऑक्टोबरात काउब इथल्या मोजपट्टीवर पाणी २५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं होतं. त्या वेळी आपल्या बॉनसमोरून जाणारी मालवाहू जहाजं जेमतेम भरलेली दिसायची. तळ लागू नये म्हणून माल कमी भरायचा, म्हणजे तोच माल न्यायला फेऱ्या जास्त. इंजिन तेच, जहाज तेच, पण नदीने सगळा हिशोब बदलला. त्याच्या पुढच्याच महिन्यात हा खेळ बाजारात आला. हा योगायोग, पण मला तो फार आवडतो.

आता माणसांकडे येतो, कारण खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

एक जहाज तुम्ही स्वतः चालवाल. दुसरं घेतलंत की कप्तान लागतो. तो मिळतो दोन ठिकाणी. नवं जहाज घेताना बांधणीच्या ठिकाणी खलाशी भरून मिळतात, पण ते बहुतेक कोरे असतात. दुसरी वाट म्हणजे स्टेशनवर उतरायचं, पायी हिंडायचं आणि समोर येईल त्या माणसाला विचारायचं, माझ्याकडे काम करतोस का? प्रत्येकाच्या नावापुढे तारे असतात, जास्तीत जास्त पाच. जहाज चालवणं, व्यवस्थापन, यंत्रदुरुस्ती, दुसऱ्याच्या जहाजावर चढाई आणि मनोबल, अशा पाच बाबतींत ते मोजले जातात. जितके तारे जास्त, तितका माणूस महाग. यंत्रदुरुस्तीतला चांगला खलाशी प्रवासात फुटलेलं जहाज चालता चालता नीट करत राहतो. स्टेशनचा व्यवस्थापक हुशार असेल तर त्याची व्यापारी जहाजं लांबलांबच्या भागातून माल आणू शकतात. आणि कप्तान? कोऱ्या कप्तानाला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. अनुभवी कप्तान स्वतःच बाजार शोधतो, स्वतःच सौदा करतो. हा अनुभव काम करता करता येतो. सुरुवातीचे तारे लवकर येतात, पुढचे मात्र रखडत येतात.

माझं एमबीएचं डोकं असं, की मी तक्ता मांडला. कप्तानावर इतके, इंजिनावर इतके, परतावा इतक्या फेऱ्यांत. तक्त्यात इंजिन जिंकलं. मी मुलाला म्हटलं, कप्तान कोरा चालेल, इंजिन भारी घे. त्याने ऐकलं.

त्याच रविवारी रत्नागिरीला फोन झाला. माझे मोठे मामा मिरकरवाड्याचे, सगळी हयात मासेमारीत गेली. मुलाचं मराठी इथे वाढल्यामुळे अडखळतं. मामाआजोबांशी बोल म्हटलं की "कसे आहात, बरे आहात" यापुढे गाडी जात नाही. त्या दिवशी मात्र त्याने सांगितलं, आजोबा, मी जहाज घेतलं, इंजिन मोठं घेतलं. मामांना अवकाशबिवकाश काही कळलं नसावं. त्यांनी एवढंच विचारलं, "तांडेल कोण?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. तांडेल हा शब्द त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

मी त्याला नंतर सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. कोकणात मच्छीमार नौकेचा जो प्रमुख, तो तांडेल. मालक किनाऱ्यावर असतो, समुद्रात शब्द चालतो तांडेलाचा. जाळं कुठे टाकायचं, वारा कधी फिरणार, परत कधी वळायचं हे त्याला कळतं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मालकाची खरी धावपळ चालते ती माणसं जमवण्याची. खलाशांना आधी उचल द्यावी लागते. हल्ली रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळहून आलेले खलाशी पुष्कळ आहेत. ज्यांनी डोंगराखेरीज काही पाहिलं नव्हतं, ती पोरं समुद्रावर तयार होतात. पण त्यांना तयार करणारा कुणी तरी लागतो.

मामांची गोष्ट अशी. मी शाळेत असताना त्यांनी कर्ज काढून सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. वाड्यात कौतुक झालं, नारळ फुटला, पेढे वाटले. कर्जाच्या हप्त्यामुळे हात आखडला, म्हणून त्या वर्षी तांडेलाने मागितलेली वाढीव उचल त्यांनी नाकारली. तो काही बोलला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्याच्या नौकेवर दिसला, आणि त्याच्यामागे चार खलाशीही गेले. नवा तांडेल मिळेपर्यंत अर्धा हंगाम गेला. मिळाला तो खडकावर जाळं फाडून आला. नवंकोरं इंजिन धक्क्याला बांधलेलं, आणि मामा रोज संध्याकाळी जाऊन ते चालू करून बंद करायचे. गंजू नये म्हणून, असं म्हणायचे. मला ते इंजिन ऐकू येतं अजून. पुढच्या वर्षी ते स्वतः त्या तांडेलाच्या घरी गेले. काय बोलले ते कुणालाच ठाऊक नाही, पण तो परत आला आणि शेवटपर्यंत राहिला.

हे सगळं ऐकून मुलगा म्हणाला, बाबा, मग तुझा तक्ता? मी विषय बदलला.

त्याने त्या जहाजाला मामांच्या नौकेचं नाव दिलं, रोमन अक्षरांत. खेळात नाव बदलता येतं. कोऱ्या कप्तानाला खनिज आणायला पाठवलं. महिन्याभरात त्या कप्तानाचे तारे वाढले, आणि मुलगा मला रोज जेवताना सांगायचा, आज माझा तांडेल इथे गेला, तिथे गेला. मराठीत सांगायचा. घरात मराठी बोल म्हणून आम्ही वर्षानुवर्षं मागे लागलो, ते या कप्तानाने करून दाखवलं.

मग एके दिवशी फेरी लवकर व्हावी म्हणून त्याने जहाजाला झेनॉनच्या भागातून जायची आज्ञा दिली. झेनॉन म्हणजे या खेळातली शत्रू यंत्रं, त्यांच्याशी बोलणी होत नाहीत. कप्तान आज्ञा मोडत नाही. जहाज गेलं, कप्तानासकट.

इथे एक कामाची सूचना. धोक्याच्या भागांची काळी यादी खेळात करून ठेवता येते, म्हणजे तुमची जहाजं तिकडे आपणहून वळत नाहीत. पहिलं मालवाहू जहाज घेतल्या दिवशीच ती करा. आम्ही केली नव्हती.

मी मुलाला म्हटलं, आधी जतन केलेला खेळ परत उघड, सगळं पूर्ववत होईल. दोन मिनिटांचं काम. तो नको म्हणाला. मी पाठवलं ना त्याला, म्हणाला. त्या रात्री नीट जेवला नाही. खोट्या कप्तानासाठी इतकं कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण गेल्या वर्षी कामाच्या ठिकाणी अंदाजपत्रक बसावं म्हणून मी माझ्या गटातल्या दोन अनुभवी माणसांची नावं दिली होती, तेव्हा मी व्यवस्थित जेवलो होतो. म्हणून गप्प बसलो.

या खेळात एक उणीव आहे, तीही सांगून ठेवतो. माणूस एकदा पैसे देऊन ठेवला की त्याला पगार नाही, आणि तो आपणहून कधी सोडून जात नाही. मामांना हे सांगितलं तर ते एवढे हसले की फोन खाली ठेवावा लागला. त्या मानाने केंब्रिजच्या फ्रंटियर कंपनीचा एलिट डेंजरस हा खेळ कोकणाच्या जवळचा. तिथे ठेवलेला साथीदार तुमच्या कमाईत टक्केवारीने वाटा घेतो. शिवाय जहाज फुटलं तर ते परत मिळवायला त्याच्या किमतीच्या ५ टक्के रक्कम भरावी लागते. ती खिशात नसेल तर ते जहाज घेऊन बाहेर पडू नये, असं तिथले जुने खेळाडू नव्याला पहिल्याच दिवशी सांगतात. मालक मंडळींनी ऐकण्यासारखं आहे.

सध्या आमच्याकडे काय चाललंय? मुलाने नवं जहाज बांधायला टाकलंय, इंजिन मधलंच घेतलंय. उरलेल्या पैशातून स्टेशनवर हिंडून त्याने एक बाई कप्तान म्हणून ठेवली. चालवण्याचे तारे बरे आहेत, मनोबलाचे जास्त. तिला का घेतलंस विचारलं तर म्हणाला, मामाआजोबांना फोन करून विचारलं. मला न सांगता, स्वतःहून. वीस मिनिटं बोलले म्हणे दोघं.

जहाज अजून गोदीतच आहे, कवचाचे सुटे भाग यायचेत. चला, आजची वेळ संपली. नमस्कार.