यादी कोण ठरवितो?
(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शाखांकडे येणारी बरीच गाऱ्हाणी एकाच वाक्यात संपतात : ‘यादीत नाव नाही.’ घरकुल नाही, धान्य नाही, अनुदान नाही; कारण यादीत नाव नाही. या गाऱ्हाण्यांकडे कारकुनी कटकट म्हणून पाहण्याची सवय आपल्यातील काहींना जडली आहे. अर्ज भरून देणे म्हणजे सुधारणावाद, अशी त्यामागची समजूत. ही समजूत बाजूला ठेवून आज आपण त्या यादीचा नियमच तपासू.

सुरुवातीला असा नियम नव्हता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनिशी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सबंध गाव हाच लाभार्थी मानला होता. गावात जणू वर्गच नाहीत! जमीन ज्याच्या हाती त्याच्याच शेतापर्यंत खत, बियाणे आणि पाणी पोहोचले. भूमिहीनाच्या वाट्याला रस्त्यावरची खडी फोडण्याचे काम आले. तेव्हा सर्वांसाठी असलेली योजना आपोआप गरिबांची होते, असे आपणही समजू नये.

यावर खरा उपाय जमीनवाटपाचा होता. सत्ताधारी वर्गाने तो टाळला आणि त्याऐवजी उत्पन्नाची रेषा आखली. १९७८ साली सुरू झालेला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० मध्ये देशभर नेण्यात आला. सहाव्या योजनेच्या काळात वार्षिक ३,५०० रुपयांच्या आतील कुटुंब त्यात पात्र होते. अल्पभूधारकास पंचवीस टक्के, सीमांत शेतकरी व शेतमजुरास एक तृतीयांश आणि आदिवासीस निम्मे अनुदान. उरलेली रक्कम बँकेचे कर्ज. म्हैस मिळाली, पण चारा-पाण्यासाठी जमीन मिळाली नाही. दारिद्र्य हा मालमत्तेच्या संबंधांचा परिणाम न राहता एका कुटुंबाचा दोष झाला, आणि तो दोष मोजण्यासाठी सरकारी माणूस दारात येऊ लागला.

मोजणी कशी झाली, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९९७ च्या दारिद्र्यरेषा पाहणीत प्रथमच वगळण्याच्या अटी घालण्यात आल्या. पक्के घर, दूरदर्शन संच, इतकेच काय छताचा पंखासुद्धा अपात्रतेस पुरेसा होता. त्याच वर्षी रेशनव्यवस्था ‘लक्ष्याधारित’ करण्यात आली, हा योगायोग नव्हे.

२००२ ची पाहणी तर या शास्त्राचा कळसच. तेरा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. माणशी दोनपेक्षा कमी कपडे असतील तर शून्य. चार असतील तर दोन गुण. जितके गुण कमी तितका हक्क मोठा. घरातील मोठी मुलगी माध्यमिक शाळा पूर्ण करते, तर कुटुंबाचे दोन गुण वाढतात. मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्यास शून्य आणि गावातच राहून अर्धपोटी दिवस काढणाऱ्यास तीन. घरी शौचालय असले की पूर्ण चार गुण. आणि त्याच सुमारास सरकारची दुसरी मोहीम घरोघर शौचालय बांधा म्हणून सांगत फिरत होती! जे कुटुंब कष्टाने एक पायरी वर चढते त्याचा आधार काढून घ्यायचा, असा हा हिशेब.

पण खरी मेख गुणांमध्ये नव्हती. रेषा किती गुणांवर ओढायची ते राज्याने ठरवावे, मात्र यादीतील कुटुंबांची संख्या नियोजन आयोगाच्या १९९९-२००० च्या अंदाजापलीकडे फार जाऊ नये, असा आदेश होता; दहा टक्क्यांची तेवढी सूट. म्हणजे गरीब किती हे आधीच ठरले होते. गरीब कोण, एवढेच शोधायचे उरले होते. चप्पल आधी शिवून पाय मागाहून कापण्याचा हा प्रकार. त्यामुळे यादीत एक नाव घालायचे तर दुसरे काढावे लागे, आणि एकाच वस्तीतील दोन शेतमजूर सरकारशी भांडण्याऐवजी एकमेकांशी भांडू लागत. शाखांच्या कामात हे भांडण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याची उपयुक्तता कोणाला, हे सांगायला नको.

२०११ मध्ये याच नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र करून शहरात रोज ३२ आणि खेड्यात २६ रुपये ही रेषा सांगितली. देशभर संताप उसळला. परंतु रेषेच्या आकड्यावर जेवढा गदारोळ झाला तेवढा रेषेच्या कल्पनेवर झाला नाही, ही आपल्या चळवळीची उणीव म्हणावी लागेल.

त्याच वर्षीच्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवर पुढे २०१६ ची ग्रामीण आवास योजना उभी राहिली. दुचाकी, यांत्रिक होडी, शीतकपाट, दूरध्वनी किंवा दरमहा दहा हजारांवर कमावणारी एक व्यक्ती, यांपैकी एक गोष्टही घराला अपात्र ठरवीत असे. मच्छीमाराची होडी म्हणजे त्याचा नांगर. तिला चैनीची वस्तू ठरविणाऱ्याने समुद्र पाहिला नसावा. २०२४ मध्ये तेरापैकी तीन अटी कमी झाल्या, दुचाकी आणि होडी सुटली, उत्पन्नमर्यादा पंधरा हजार झाली. म्हणजेच हे नियम निसर्गनियम नव्हेत. रेटा असला की ते हलतात.

महाराष्ट्राचे उदाहरण घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर तेथे प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपयांची मर्यादा ठरली. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने घरातील एकाच माणसाला वर्षात १४२ दिवस काम मिळाले की सबंध कुटुंब रेषेबाहेर! सरकारच्या एका हाताने दिलेली मजुरी दुसऱ्या हाताला श्रीमंती वाटते.

याउलट तामिळनाडूने १९९७ नंतरही रेशन सर्वांसाठी ठेवले. आणि केरळात डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने शोधाची दिशाच उलटी केली : संख्या आधी न ठरविता वॉर्डावॉर्डांतून सर्वांत मागे राहिलेली कुटुंबे शोधली, अन्न, आरोग्य, उत्पन्न आणि निवारा या चार गोष्टी पाहिल्या. ६४,००६ कुटुंबे निघाली. त्यांतील अनेकांजवळ कोणतेही ओळखपत्र नव्हते. अर्जाची वाट पाहिली असती तर ती कधीच सापडली नसती. १ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. या घोषणेवर टीकाही झाली आणि ती ऐकली पाहिजे. पण प्रत्येक कुटुंबासाठी वेगळा आराखडा करण्याची रीत सर्वांनी अभ्यासावी अशी आहे.

आता शाखांनी करावयाच्या कामाबद्दल. अन्न, आरोग्य आणि शिक्षण यांसाठी आपली मागणी रेषेविना हक्काचीच राहील. घरकुलासारख्या योजनेत क्रम लावावा लागतो, तेथे क्रम ग्रामसभेत, उघड्यावर लागला पाहिजे. घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे ठेवणे बंधनकारक आहे आणि नाव वगळल्यास त्याचे कारण इतिवृत्तात लिहावे लागते. हे कारण लिहून घ्या. ग्रामसभेला स्त्रिया आणि भूमिहीन मोठ्या संख्येने आणा, यादी मोठ्याने वाचावयास लावा, वगळलेल्यांचा अपील अर्ज त्याच आठवड्यात जिल्ह्याकडे धाडा. आणि एक नाव घालण्यासाठी दुसऱ्या गरिबाचे नाव काढण्याची सूचना कोणी केली, मग ती आपल्याच सभासदाने का असेना, तर तिला तेथेच विरोध करा.