देवळालीची पापडवाली

१९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तिथले लाखो हिंदू घरदार सोडून भारतात आले. काहींना सरकारने आपल्या देवळालीत लष्कराच्या बराकींत ठेवले. कल्याणजवळच्या छावणीचे तर पुढे उल्हासनगर झाले.

शेत नाही, भाषा वेगळी. पोट कसे भरायचे? बायांनी पापड लाटले. पुरुषांनी खांद्यावर कापडाचे गठ्ठे घेतले. नफा थोडा, खप मोठा, हा त्यांचा हिशेब. १९४८ साली कायदा झाला, निर्वासितांना धंद्यासाठी सरकारी कर्ज मिळू लागले. पण टोपलीभर पापडांना कर्ज कोण देणार?

माझे वडील सांगत. अशीच एक बाई आमच्या दारी आली. आजीला दया आली. तिने पायलीभर बाजरी पुढे केली. बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, "दान नको, पापड घ्या." आता आमच्या घरी काय पापडांची वाण होती? तरी आजीने शंभर पापड घेतले. वर घरचे उडीदही उधार दिले. गल्लीतले लोक हसले. म्हणाले, "गेले उडीद!"

पंधरा दिवसांनी बाई आली. उडदाचे पैसे तिने आधी मोजून दिले. मग डोईवरची टोपली उतरवली.