खांब किती भार सोसेल?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



घरी गेल्यावर प्लास्टिकची फूटपट्टी मेजावर उभी धरा आणि वरून तळहाताने हळूहळू दाबा. काही वेळ ती ताठ राहील. मग एकाएकी धनुष्यासारखा बाक घेईल. ती मोडलेली नसते, चिरडलेलीही नसते. तिचा ताठपणा ढळलेला असतो. यालाच अभियंते ‘बकलिंग’ म्हणतात. आता ती मधोमध बोटांनी धरून पुन्हा दाबा. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागेल.

असे का होते? ऑयलर या थोर गणितज्ञाने १७४४ साली याचे सूत्र मांडले. सडपातळ खांबाची लांबी दुप्पट केली, तर त्याची भार सोसण्याची शक्ती निम्मी नव्हे, चौथाई उरते. आखूड, जाड खांब मात्र बाक येण्याआधीच चिरडतो. म्हणून रँकिनच्या सूत्रात दोन्ही धोके एकत्र धरले आहेत. पुढे १९३२ मध्ये साउथवेल यांनी दाखवले की, भार थोडाथोडा वाढवून प्रत्येक वेळी बाक मोजला, तर खांब न मोडताही त्याच्या अखेरच्या भाराचा अंदाज बांधता येतो.

ही आकडेमोड केवळ परीक्षेपुरती नाही. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्यूबेकचा पूल बांधला जात होता. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट करण्यात आला. परंतु वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने केला गेला नाही. पुढे खालच्या तुळयांना बाक आलेला दिसला. तो मोजलाही गेला. पण तो मुळातच होता की नंतर आला, यावर वाद होत राहिला आणि काम चालूच राहिले. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळला. ७५ कामगार प्राणास मुकले.

सूत्र तेव्हा दीडशे वर्षांहून जुने होते. उणीव होती ती जुना आकडा पुन्हा तपासण्याची, आणि दिसलेला बाक पाहून तत्काळ थांबण्याची.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तर आले तरी गणित एकदा पडताळून पाहा. आणि पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी “हा आकडा आला कोठून?” असे विचारील, तेव्हा कृपा करून त्यांना गप्प बसवू नका. अशा एका प्रश्नावर उद्या अनेकांचे प्राण अवलंबून असू शकतील.