टिपणावर तारीख घाला
(हिंगोली येथे कायद्याचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



आज येथे औंढा, कळमनुरी, वसमत, सेनगाव या तालुक्यांतून आलेली कुटुंबे बसली आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील मुलगा किंवा मुलगी कायदा शिकणारी पहिलीच व्यक्ती आहे. अशा घरातील विद्यार्थी हा केवळ विद्यार्थी राहत नाही. पहिल्या वर्षाची परीक्षा होते न होते तोच वस्तीतील माणसे त्याच्याकडे कागद घेऊन येऊ लागतात. पोलीस ठाण्यात काय सांगावे, दाखला कसा मिळेल, हे त्यालाच विचारतात आणि तो आपल्या मोबाईलवरील टिपण उघडून उत्तर देतो. ते टिपण खरे आहे काय आणि आजचे आहे काय, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात अत्याचार प्रतिबंधक कायद्यासंबंधी निवाडा दिला. गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल आणि अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी लागेल, असे निर्देश त्यात होते. मी त्यावर चार पानांचे टिपण केले आणि विद्यार्थ्यांना मोबाईलवर पाठविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम 18-अ घातले. गुन्हा नोंदविण्यास प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही आणि अटकेस मंजुरीची गरज नाही, असे ते कलम स्पष्ट सांगते. मी माझ्या वहीत दुरुस्ती केली. परंतु जे टिपण माझ्या हातून सुटून गावोगाव गेले होते, त्याच्या मागे मी गेलो नाही.

पुढल्या वर्षी सेनगाव तालुक्यातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना मारहाण होऊन अकरा दिवस लोटले होते. इतके दिवस का थांबलात, असे विचारता त्यांनी पुतण्याकडे बोट दाखविले. तो कायद्याचा विद्यार्थी. "आधी चौकशी होते, मग तक्रार घेतात," असे त्याने चुलत्यांना सांगितले होते. त्याने आधार म्हणून मोबाईल पुढे केला. टिपण माझेच होते. खाली माझे नाव होते. तारीख मात्र नव्हती. पुढे गुन्हा नोंदला गेला, पण तोवर अंगावरचे वळ बुजले होते आणि दोन साक्षीदार फिरले होते. त्या मुलाला मी दोष देऊ शकलो नाही. त्याने वाचले होते; मीच त्याच्या हाती शिळे अन्न दिले होते.

मित्रहो, कायदा ठाऊक नसलेला माणूस निदान दुसऱ्यास विचारतो. परंतु कालचा कायदा ज्यास पाठ आहे, तो कोणासही विचारीत नाही. म्हणून अज्ञानापेक्षा शिळे ज्ञान अधिक घातक होय.

आता आपल्या धर्मांतराशी निगडित असलेले एक उदाहरण पाहा. राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात प्रथम मुख्यतः हिंदूंचाच समावेश होता. 1956 मध्ये त्यात शीख सरसकट आले. बौद्ध आले नाहीत. 1962 च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवरून निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धर्म स्वीकारला असल्याने ते त्या जागेस पात्र नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात दिला. ऑल इंडिया रिपोर्टरच्या 1965 च्या खंडात तो छापलेला आहे. हा निवाडा आजही विद्यार्थ्यांच्या संग्रहात सापडतो. त्यातून जर कोणी असा अर्थ काढला की बौद्धास अनुसूचित जातीचा हक्क नाही, तर तो साफ चुकला. 1990 मध्ये संसदेने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, हे त्या निवाड्यातील विवेचन अभ्यासण्याजोगे आहे. परंतु बौद्धांपुरता त्याचा परिणाम 1990 च्या दुरुस्तीने संपविला. एकाच निवाड्याचा अर्धा भाग जिवंत आणि अर्धा मृत असू शकतो. टिपणात हे लिहिले नसेल, तर बौद्ध घरातील मुलगी आपला हक्क आपणहून सोडून देईल.

तिसरे उदाहरण सर्वांत ताजे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता व पुरावा कायदा हेही बदलले. खुनाच्या शिक्षेचे 302 हे कलम आता 103 झाले, फसवणुकीचे 420 हे 318 मध्ये गेले. म्हणून जुनी टिपणे पुसून टाकावीत काय? मुळीच नाही. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्यास जुनीच दंड संहिता लागू राहते, आणि असे खटले न्यायालयांत अद्याप चालू आहेत. जुन्या टिपणावर "या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांसाठी" असा शेरा असला म्हणजे झाले.

आणि नवे टिपण तेवढे बिनचूक, असेही समजू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे. एवढेच वाचून कोणी पुन्हा सांगू लागेल की अत्याचाराच्या तक्रारीतही आधी चौकशी हवी. त्याने कलम 18-अ शेजारी ठेवूनच टिपण लिहिले पाहिजे. नाही तर माझी 2018 ची चूक नव्या आकड्यांखाली पुन्हा जन्म घेईल.

तेव्हा आपण काय करावे? प्रत्येक टिपणाच्या शिरोभागी चार ओळी लिहा. हा कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे. मूळ पाठ कोठे पाहिला. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तपासला. आणि पुढील तपासणी केव्हा होणार. मूळ पाठासाठी कोणाच्या दारी जावयास नको. केंद्राचे अधिनियम इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर आहेत, दुरुस्त्या राजपत्रात प्रसिद्ध होतात, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. कित्येकांचे मराठी अनुवादही तेथे आहेत. मात्र प्रमाण इंग्रजी पाठच मानावा. संसदेचे प्रत्येक अधिवेशन संपले की एक रविवार या कामास द्या. दोघांनी मिळून बसा. एकाने वाचावे, दुसऱ्याने ताडून पाहावे.

चूक सापडली तर ती गुपचूप खोडू नका. काय चुकले व केव्हा सुधारले, हे लिहा, आणि जुने टिपण ज्यांना ज्यांना धाडले, त्या प्रत्येकास नवे धाडा. माझ्या हातून हेच राहिले होते. सेनगावच्या त्या मुलाने पुढे माझ्याबरोबर बसून ते सारे टिपण नव्याने लिहिले, आणि त्यावर आम्हां दोघांचीही नावे आहेत.

माता-पित्यांनो, कायद्याची कलमे आपणांस येत नसली तरी या कामात आपला वाटा आहे. मुलगा मोबाईल पाहून शेजाऱ्यास सल्ला देऊ लागला की त्याला एवढेच विचारा, "बाळा, हे कोणत्या तारखेचे आहे?" उत्तर आले नाही, तर शेजाऱ्यास म्हणावे, जरा थांबा, आधी हा मूळ कायदा पाहील. मात्र अंगावर मार असेल, तर थांबवू नका. त्याच पावली पोलीस ठाण्याकडे पाठवा.