दरबारीचा गंधार, मीमांसकांचा गकार

विषय दिला आहे 'संगीत आणि तत्त्वज्ञानातलं विद्यार्थ्यांचं संशोधन', पण मी बोलणार आहे दरबारीच्या गंधाराबद्दल. तो कोमल आणि आंदोलित, हे या सभागृहात सांगायला नको. अडाणा, जौनपुरी हेही आसावरी थाटातलेच राग. कोमल गंधार त्यांतही आहे. तरी दरबारीचा गंधार कानावर पडताच आपण म्हणतो, 'हाच तो'. माझा आग्रह एवढाच, की प्रबंधाची सुरुवात या 'हाच तो'पासून व्हावी. विद्यार्थी ध्वनिमुद्रण संगणकावर घेतो, आलेख काढतो. गंधाराच्या जागी सरळ रेघ मिळत नाही, लाट मिळते. मग तो तिची सरासरी काढून त्या आकड्याला गंधार म्हणतो. गायक तर त्या आकड्यावर थांबलेलाच नसतो. सरासरी काढणं हा तत्त्वज्ञानातला निर्णय आहे, आणि तो नकळत घेतला गेला आहे.

'हाच तो' म्हणताना आपण नेमकं काय ओळखतो, याच प्रश्नावर आपल्या दर्शनांत शतकानुशतकं वाद झाला, आणि योगायोग असा की त्याचं एक नेहमीचं उदाहरण 'ग' हाच वर्ण. मीमांसक म्हणतात, आपण 'तोच हा गकार' असं ओळखतो, म्हणून वर्ण नित्य आहे; ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिकांचं उत्तर असं, की शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. 'तोच' म्हणजे त्याच जातीचा. कालचंच औषध आजही घेतलं म्हणतो, तेव्हा कालची मात्रा केव्हाच पोटात गेलेली असते. पण दरबारीपाशी मीमांसक अडतात. द्रुत-विलंबित हे ध्वनीचे गुण, वर्णाचे नव्हेत, असं ते मानतात. त्या हिशेबाने आंदोलनही ध्वनीचं आणि गंधार त्याखाली निश्चल. मात्र आंदोलन काढून घेतलं की दरबारीच उरत नाही. म्हणजे संगीत इथे दर्शनाला उदाहरण पुरवत नाही, हरकत घेतं. आणि हे दोन विषय आपण दोन इमारतींत शिकवतो!

'मोजमाप वस्तुनिष्ठ असतं, तत्त्वज्ञान हा शब्दांचा खेळ', असं म्हणणारे आहेत. काही माना आत्ताही हलताना दिसतात. मोजमाप हवंच. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक लिहिलं ते मोजूनच. पण १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी प्रत्यक्ष वादन मोजलं, तेव्हा स्वरांच्या जागा बदलत्या निघाल्या. यांतली 'खरी' जागा कोणती, हे यंत्र सांगत नाही. श्रुतींचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. नाट्यशास्त्रात भरत दोन वीणा घेतो, एक स्थिर ठेवतो, दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवतो. दुसऱ्या टप्प्यात तिचा गंधार स्थिर वीणेच्या ऋषभाला मिळतो. इथे आधार आहे स्वरांच्या परस्परसंबंधाचा. १३ व्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेला शार्ङ्गदेव २२ तारा अशा लावायला सांगतो, की लगतच्या दोन तारांमध्ये तिसरा ध्वनी ऐकू येऊ नये. इथे आधार कानाच्या मर्यादेचा. आकडा दोघांचा २२; पण 'श्रुती' म्हणजे काय, याची उत्तरं वेगळी. हा भेद न पाहता २२ आकड्यांचा तक्ता छापणाऱ्या प्रबंधाने नक्की काय मोजलं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे आवरतं घेतो. दुसऱ्या आक्षेपाला मात्र उत्तर देतो: रियाज करणाऱ्याने या वादात का पडावं? कारण हा वाद त्याच्याच गळ्याने पुढे जाऊ शकतो. दरबारीच्या ध्वनिमुद्रणातून फक्त गंधार कापून घ्यावा, पुढचा मध्यम नाही, नंतरचा ऋषभ नाही, आणि तो जाणत्या श्रोत्यांना ऐकवावा. मग अडाण्याचा तसाच ऐकवावा. ओळख पटली, तर ती त्या लाटेत आहे. न पटली, तर ती गंधारापासून ऋषभापर्यंतच्या वाटेत शोधावी लागेल, आणि 'एक स्वर' म्हणजे किती, हे नव्याने ठरवावं लागेल. एका प्रबंधाला एवढं काम पुष्कळ आहे.